सह्या झाल्या, इगर्जेतला विधी राहिला: मधल्या काळाविषयी बायबल काय सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही डिचोलीचे, हिंदू घरातले, आणि तुमची वधू बार्देशातली कॅथलिक मुलगी. नागरी नोंदणी कार्यालयात तुमच्या दोन्ही सह्या चतुर्थीनंतर झाल्या, इगर्जेतला, म्हणजे चर्चमधला, विधी नाताळ उलटल्यावर ठरला आहे, आणि कायद्याने तुम्ही नवराबायको झालेले असतानाही ती त्या विधीपर्यंत थांबू या असे म्हणते. बायबल देहसंबंधाला मुळातच पाप मानते का, थांबण्याची ही अट नेमकी कुठे लिहिली आहे, आणि तिच्या या म्हणण्यात तुमच्याविषयीचा अविश्वास तर नाही ना, असे तुम्ही विचारले आहे. मी म्हापशात माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते, आणि गेली २२ वर्षे पतीबरोबर लग्नाआधीच्या तयारीवर्गात जोडप्यांशी याच विषयावर बोलत आले आहे. तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसराच तुम्हाला सर्वांत जास्त बोचत असावा, असे मला वाटते. पण पहिल्या दोघांची उत्तरे नीट झाल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि ते बायबलच्या अगदी पहिल्या पानावरच मिळते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला नर आणि नारी असे घडवतो, त्यांना आशीर्वाद देतो आणि ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ असे सांगतो. त्यानंतर आपण केलेले सर्व काही त्याला फार चांगले दिसते. पाप या कथेत येते ते तिसऱ्या अध्यायात, म्हणजे त्या आशीर्वादानंतर. आदाम आणि हव्वा यांनी खाल्लेले फळ म्हणजेच शरीरसंबंध, ही समजूत आपल्याकडे ख्रिस्ती आणि हिंदू अशा दोन्ही घरांत सर्रास आढळते, पण मूळ मजकुरात तिला कोणताही आधार नाही. ते फळ सफरचंद होते असेही तिथे कुठे म्हटलेले नाही. ही कथा आपल्या भाषेला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले आणि त्यातून सृष्टीच्या उत्पत्तीची ही हकीकत मराठी ओवीत गोव्यातल्या लोकांपर्यंत पोचली. चारशेहून अधिक वर्षे मराठीत सांगितल्या गेलेल्या या कथेविषयी इतका मोठा गैरसमज टिकून राहावा, याचे मला शिक्षिका म्हणून नेहमीच वाईट वाटत आले आहे.

पुढे नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात बाप मुलाला सांगतो की आपल्याच टाक्यातले पाणी पी, आपल्या तारुण्यातल्या पत्नीच्या ठायी आनंद मान आणि तिच्या प्रेमाने नित्य मोहित होऊन राहा. तिथली भाषा इतकी उघडपणे शारीरिक आहे की वर्गात तो उतारा वाचला की समोरचे तरुण खाली बघू लागतात. गीतरत्न या पुस्तकात तर वधू आणि वर एकमेकांच्या केसांचे, ओठांचे, मानेचे, वक्षांचे वर्णन करतात आणि त्यात लाजेचा लवलेशही नाही. यहुद्यांनी या काव्यात देव आणि इस्राएल यांचे प्रेम पाहिले, तर ख्रिस्ती परंपरेने ख्रिस्त आणि त्याची मंडळी, म्हणजे चर्च, यांचे. काही जण हे रूपक पुढे करून मूळ अर्थ झाकू पाहतात, पण स्त्रीपुरुषांचे प्रेम घाणेरडे मानले गेले असते तर देवाच्या प्रेमासाठी तेच रूपक कोणी निवडले असते का? चर्चच्या इतिहासात शरीराकडे संशयाने पाहणारे लोक होते, हे मी नाकारत नाही. मात्र लग्नाला आणि पतीपत्नींच्या सहवासाला दोष देणाऱ्यांचा धिक्कार चौथ्या शतकातच गंग्रा येथील धर्मसभेने केला होता, आणि आपल्या काळात पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या वर्षांतल्या बुधवारच्या प्रवचनांतून शरीर हीच देवाने दिलेली एक भाषा आहे असे सविस्तर मांडले.

याच गीतरत्नात यरुशलेमच्या कन्यांना उद्देशून एक ध्रुपद तीनदा येते. प्रेमाला त्याची इच्छा होण्यापूर्वी उठवू नका, जागे करू नका, असा त्याचा आशय आहे. माझ्या मते संयमाविषयीची बायबलची सगळी शिकवण समजून घ्यायला हे ध्रुपद पुरेसे आहे. झोपलेल्याला अवेळी उठवू नये असे आपण म्हणतो, तेव्हा झोपलेला वाईट आहे असे आपल्याला म्हणायचे नसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ही अट कुठे लिहिली आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर ‘लग्नाआधी शरीरसंबंध ठेवू नये’ असे एकाच सरळ वाक्यात सांगणारे वचन मी तुम्हाला दाखवू शकत नाही, आणि तसे दाखवण्याचा आव आणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दहा आज्ञांमध्ये जी बंदी आहे ती व्यभिचाराची, म्हणजे दुसऱ्याचे लग्न मोडण्याची. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, मात्र ‘पोर्नेइया’ हा ग्रीक शब्द वारंवार येतो. मराठी बायबलमध्ये त्याचे भाषांतर ‘जारकर्म’ असे केलेले आहे, आणि लग्नाच्या बंधनाबाहेरचा प्रत्येक शरीरसंबंध त्यात येतो असे चर्चने सुरुवातीपासून मानले आहे. त्याच्या मुळाशी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले एक वाक्य आहे, आणि पुढे येशूनेही तेच वाक्य उद्धृत केले आहे: पुरुष आपल्या आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील आणि ती दोघे एकदेह होतील. या वाक्यातला क्रम पाहा. आधी सोडणे, मग जडून राहणे, आणि त्यानंतर एकदेह होणे. ‘एकदेह’ हा मराठी बायबलमधला फार सुंदर शब्द आहे, आणि एकत्र झोपणे इतकाच त्याचा अर्थ नाही. घर, नाव, मुले, आजारपण, कर्ज आणि म्हातारपण हे सगळे ज्यांचे एक झाले, त्यांनी ते एकपण शरीरानेही बोलून दाखवायचे, असा त्याचा भाव आहे. शरीर जे बोलते ते आयुष्याने आधी मान्य केलेले असावे, इतकीच बायबलची मागणी आहे आणि ती मोठी आहे.

येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथ येथील मंडळीला इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमारास लिहिलेले पहिले पत्र या संदर्भात जरूर वाचा, कारण ते ज्यांना लिहिले ते लोक आपल्यापासून फार दूरचे नाहीत. करिंथला लेखेयम आणि किंख्रिया अशी दोन बंदरे होती. खलाशी, व्यापारी, परदेशी प्रवासी आणि पैसा यांची तिथे सतत ये-जा असे, आणि किनाऱ्यावरच्या गोव्यात वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. तिथले काही ख्रिस्ती लोक ‘सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे’ आणि ‘अन्न पोटासाठी आहे व पोट अन्नासाठी आहे’ अशा घोषणा देत होते. म्हणजे भूक लागली की जेवावे तसे शरीराचे, त्यात एवढे काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. पौल त्यांना शरीर तुच्छ आहे म्हणून जपा असे सांगत नाही. तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे तो म्हणतो. मोकळीक खरी, पण सर्व गोष्टी हितकारक असतातच असे नाही, आणि मी कशाच्याही अधीन होणार नाही, हे त्याचे उत्तर आहे. गलतीकरांना लिहिताना त्याने आत्म्याच्या फळाची जी नऊ रूपे सांगितली, त्यांतले शेवटचे इंद्रियदमन आहे. शब्द कठोर वाटतो खरा, पण तो प्रीती, आनंद आणि शांती यांच्याच ओळीत बसलेला आहे.

करिंथकरांना लिहिलेल्या त्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे असे सांगतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे असेही सांगतो. रोमन समाजात निष्ठेची अपेक्षा पत्नीकडून होती; दासीकडे किंवा वेश्येकडे जाणाऱ्या नवऱ्याला फारसे कोणी विचारत नसे. अशा समाजात हे दुसरे वाक्य लिहिले गेले, याचे महत्त्व आपल्या वाचकांनी कमी लेखू नये.

इथे एक कबुली दिली पाहिजे. जुन्या करारातील नियमशास्त्रात कौमार्याची परीक्षा फक्त वधूची आहे, वराची नाही. अब्राहाम, याकोब, दावीद यांना एकाहून अधिक स्त्रिया होत्या, शलमोनाला तर शेकड्यांनी. या गोष्टी बायबल लपवत नाही, आणि त्यांचे कौतुकही करत नाही. त्या घरांमधले मत्सर, रडणे आणि रक्तपात जसे घडले तसे मांडते. येशूला घटस्फोटाविषयी विचारले तेव्हा त्याने ‘आरंभापासून तसे नव्हते’ असे म्हणून पुन्हा त्या एकदेह होण्याच्या वाक्याकडे बोट दाखवले. आणि डोंगरावरील प्रवचनात, स्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे असे सांगताना, त्याने स्त्रीच्या पदराविषयी एक शब्दही काढला नाही. नजर ज्याची, जबाबदारी त्याची. रात्री एकटेपणी मोबाईलवर काय पाहिले जाते, या प्रश्नालाही मी वर्गात हेच उत्तर देते.

बायबलमध्ये संयमाचा भार बलवानावर जास्त आहे, हे मला इतक्या वर्षांच्या वाचनातून हळूहळू उमगत गेले. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीच्या, तामारेच्या, प्रेमाने आजारी पडतो. ती विनवत असताना तो तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि मग लिहिले आहे की जितके त्याने तिच्यावर प्रेम केले होते त्याहून जास्त तो तिचा द्वेष करू लागला. ‘ऊठ, चालती हो’ असे तो तिला म्हणतो. दोनतीन ओळींत प्रेमाचा द्वेष होतो. राजा दाविदाला संताप येतो, पण तो काहीही करत नाही, आणि त्याच्या घराची पुढची सगळी पडझड तिथून सुरू होते. याच्या अगदी उलट चित्र रूथच्या पुस्तकात आहे. सातूची मळणी चालू आहे, रात्री खळ्यावर धान्याच्या राशीपाशी बवाज झोपला आहे, मध्यरात्री त्याला जाग येते तो पायाशी एक स्त्री. ती विधवा आहे, परकी आहे, गरीब आहे आणि लग्नाचे मागणे घेऊन आलेली आहे. त्या अंधारात तिच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणीही नाही. बवाज तिला आशीर्वाद देतो, आपल्याहून जवळचा एक नातलग आहे, त्याचा हक्क आधी मिटवला पाहिजे असे सांगतो, पहाटेपर्यंत तिथेच निजायला सांगतो आणि निघताना तिच्या ओढणीत सहा मापे सातू घालून देतो. दुसऱ्या दिवशी तो वेशीत जाऊन वडीलधाऱ्यांसमोर सर्व रीतसर करतो. पुरुषाचा संयम कसा दिसतो असे कोणी विचारले तर मी त्या खळ्याकडे बोट दाखवते.

तुमच्या स्थितीला सर्वांत जवळचा प्रसंग मात्र मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात आहे. मरीया आणि योसेफ यांचे वाग्दान झालेले होते. यहुदी रिवाजात वाग्दान म्हणजे साखरपुड्यासारखी बोलणी नव्हती. ते कायद्याने बांधून घेणारे होते आणि मोडायचे तर सूटपत्र द्यावे लागे. तरीही नवरा मुलीला आपल्या घरी आणेपर्यंत दोघे एकत्र राहत नसत. म्हणजे सह्या झालेल्या, पण वरात यायची, अशा काळातले ते जोडपे होते. मरीया गर्भवती आहे हे कळल्यावर, स्वप्नात देवदूताचा संदेश येण्याच्याही आधी, योसेफाने तिची चारचौघांत बदनामी होऊ नये म्हणून तिला गुपचूप मोकळे करायचे ठरवले होते. हातात कायदा असताना त्याने तिच्या अब्रूचा विचार आधी केला.

गोव्यात आपण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेत राहतो, म्हणून नोंदणी कार्यालयातली सही आणि लग्नाचा विधी या दोन गोष्टी आपल्याला वेगवेगळ्या ठाऊक आहेत. तुमच्याच घरात विचारून पाहा. सही झाली तरी मांडवात मंगलाष्टके होऊन लग्न लागल्याशिवाय मुलगी सासरी नांदायला जात नाही, असे तुमची आजी सांगेल. तुमची पत्नी जे म्हणते आहे ते तुमच्या आजीच्या म्हणण्यापासून दूर नाही. कॅथलिक धर्मनियमानुसार धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर तुम्ही दोघे परस्परांना वचन देता, तेव्हा तिच्या दृष्टीने लग्न लागते. वर बाप्तिस्मा न झालेला असेल तर त्यासाठी बिशपांची परवानगी घ्यावी लागते, तुम्हाला धर्म बदलावा लागत नाही, आणि त्या विधीत तुम्ही दिलेल्या शब्दाचे वजन तिच्या शब्दाइतकेच असते. कायद्याने तुम्ही पती आहात यात शंका नाही. पण तिने आपल्या देवासमोर तुम्हाला शब्द देणे अजून बाकी आहे, आणि तो दिल्यावरच तिला स्वतःला पूर्णपणे तुमच्या हाती सोपवायचे आहे.

अविश्वासाविषयी सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात तुमच्यासारखेच एक जोडपे होते. मुलगा सर्वांसमोर जरा चिडूनच म्हणाला, ‘म्हणजे हिला माझा भरवसा नाही.’ ती मुलगी बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली होती. मग ती म्हणाली, ‘भरवसा आहे म्हणूनच तोंडावर सांगितलं. नसता तर रोज नवीन निमित्त काढलं असतं.’ त्यानंतर तो मुलगा काही बोलला नाही, पण वर्ग संपल्यावर तिची पिशवी त्याने उचलली आणि दोघे एकाच छत्रीतून बसस्टँडकडे गेली. तुमच्या पत्नीनेही तुम्हाला निमित्त सांगितलेले नाही, कारण सांगितले आहे. तिच्यावर दबाव आणू नका, रुसूनही नाही आणि ‘आता तर आपण नवराबायको’ असे म्हणूनही नाही. होकार नाइलाजाने काढून घेतला तर पुढे कित्येक वर्षे तो त्या दोघांच्या मध्ये येऊन बसतो. अशा स्त्रिया माझ्याकडे लग्नाच्या दहा-बारा वर्षांनंतर येऊन रडल्या आहेत.

संयम लग्नाच्या दिवशी संपतो, असेही समजू नका. माझे पती १४ वर्षे बोटीवर होते. गोव्यातल्या किती घरांत हे चालते, ते तुम्हाला ठाऊक आहे. नऊ महिने समुद्रावर, मग दोनतीन महिने घरी. पौल पतीपत्नींना सांगतो की एकमेकांपासून दूर राहायचे तर परस्पर संमतीने आणि थोडाच काळ राहा. आम्हाला थोडा काळ निवडण्याची सोय नव्हती, कारण करारावरची तारीख कंपनीची असे. ते दूर असताना निष्ठा जपणे दोघांनाही आले, पण खरे अवघड पहिले चार दिवस असत, जेव्हा ते घरी येत. आम्ही एकमेकांना चक्क परके वाटत असू. त्यांची झोप जहाजावरच्या पाळ्यांप्रमाणे मोडलेली, माझे दिवस शाळेच्या घंटेला बांधलेले. त्या दिवसांत ते पहाटे उठून चहा करत आणि बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, माझी वाट पाहत बसत. आम्ही तिथे शेजारी बसून वाड्यातल्या बातम्या, मुलांचे गुण, गळके छप्पर, असे काहीबाही बोलत असू. जवळीक तिथून सुरू होई, आणि तिला त्यांनी कधीही घाई केली नाही. ही सवय त्यांना लग्नाआधीच्या आठ महिन्यांत लागली होती, असे ते स्वतः सांगतात.

तुमच्यापैकी कोणाच्या आयुष्यात पूर्वी काही घडून गेले असेल, तर त्याविषयीही एक गोष्ट सांगून ठेवते. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला लोक येशूपुढे आणतात, आणि तिच्याबरोबरच्या पुरुषाला आणत नाहीत. येशू आरोप करणाऱ्यांना त्यांची स्वतःची पापे आठवायला लावतो, ते एकेक करून निघून जातात, आणि तो तिला म्हणतो की मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नकोस. ही दोन्ही वाक्ये एका दमात बोललेली आहेत. तिच्या भूतकाळाची उलटतपासणी त्याने केली नाही. तुम्ही दोघांनीही एकमेकांची करू नये.

आता उरलेल्या दिवसांविषयी. तुमच्याकडे हळद लागते तसा तिच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असेल. नारळाचे दूध अंगाला लावून नवरीला न्हाऊ घालतात, आणि तिथे शरीराची लाज कोणालाही नसते; आत्या, मावश्या आणि शेजारणी सगळ्या मिळून ते करतात. बोलावणे आले तर आनंदाने जा. त्याआधी इगर्जेतल्या विधीसाठी वाचन निवडायची वेळ येईल, कारण ठरलेल्या यादीतून वाचने निवडायची मुभा वधूवरांना असते. त्या यादीत तोबीताच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला उतारा आहे. हे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्यातल्या वधूच्या, म्हणजे साराच्या, आधीच्या सात नवऱ्यांचा पहिल्याच रात्री मृत्यू झालेला असतो. तिच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी विवाहाचा करार लिहून दिला आहे, दार लावून घेतलेले आहे, आणि तिचा नवा नवरा तोबिया अंथरुणावरून उठून तिला म्हणतो की ऊठ, आपण प्रार्थना करू. मी हिला वासनेपोटी नव्हे, तर खऱ्या मनाने पत्नी करून घेत आहे, आम्हा दोघांना एकत्र म्हातारे होऊ दे, असे तो मागतो, आणि दोघे मिळून आमेन म्हणतात. हा उतारा एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसून वाचा आणि आपल्या विधीत तो घ्यायचा का, असे तिला विचारा.